घर ते स्टेशन: बसने कोण कोण जातं अजून?

पूर्वेकडची | १७ नोव्हेंबर २०२५, रात्री १०.४०

बरेच दिवस मनात होतं, आज लिहायला बसले.

माझे बाबा ७४ वर्षांचे आहेत. आम्ही मध्य रेल्वेवरच्या एका उपनगरात, पूर्वेला, स्टेशनपासून अडीच किलोमीटरवर राहतो. निवृत्त झाल्यापासून बाबांचा नेम होता. आठवड्यातून एकदा, ऑफिसची गर्दी ओसरली की दादरला जायचं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातून पुस्तकं बदलायची, एखादा जुना मित्र भेटला तर चहा घ्यायचा आणि जेवायला घरी परतायचं. गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चांगलं झालं. आता जिने चढतात, सोसायटीत रोज चार फेऱ्या मारतात. पण दादर सुटलं ते सुटलंच.

खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "अगं, लोकलचं काही नाही. लोकलमध्ये कोणी ना कोणी उठून जागा देतं. घर ते स्टेशन, तेवढंच जमत नाही."

मला ते पटेना. एका रविवारी त्यांना घेऊन निघाले. बस आली, बसायला जागा मिळाली, दहा रुपये तिकीट. मग उतरलो. उतरलो तिथून स्टेशनच्या जिन्यापर्यंत मी पावलं मोजली. चारशे बारा. फुटपाथ मध्येच संपतो. पुढे लावलेल्या दुचाक्या, त्यापुढे टोपल्या, मग रिक्षांच्या दोन रांगा. माणसाने चालायचं ते या सगळ्याच्या मधून, मागून येणाऱ्या गाड्यांचे हॉर्न ऐकत. बाबा दोनदा थांबले. दुसऱ्यांदा एका रिक्षाला टेकून. माझ्याकडे बघायचं ते टाळत होते.

पूर्वी हीच बस जिन्यासमोर यायची. रस्त्याचं काम निघालं म्हणून थांबा तात्पुरता मागे नेला. काम कधीच संपलं, थांबा मागेच राहिला. मी दोन ठिकाणी अर्ज दिले. दोन्हीकडे ऐकायला मिळालं, "हे आमच्याकडे येत नाही." स्टेशनचं आणि कार्यालयांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. भांडण करायचं नाहीये. स्टेशनला जोडणारी बस नेमकी कुठे अडते, ते समजून घ्यायचं आहे. तुमच्याकडे काय परिस्थिती आहे? बसने जाता की सोडून दिलंत? आणि सोडलं असेल तर कशामुळे?

---

मार्वे रोड | १७ नोव्हेंबर, रात्री ११.१२

आमच्या पट्ट्यात बस सोडून चालतच नाही, ताई. मढ, एरंगळ, मार्वे, मालवणी, सगळ्यांना गाडी पकडायला मालाडलाच यावं लागतं. मढहून वर्सोव्याला होडी आहे, पण सामान घेऊन, लेकरं घेऊन, रात्री-अपरात्री कुठली होडी? मढ जेट्टी ते मालाड स्टेशन, २७१ नंबर, हीच आमची रेल्वे. आमच्या गावातल्या कोळणी पाट्या घेऊन याच बसने जायच्या. त्या चढेपर्यंत चालक थांबायचे, कोणी कुरकुर करायचं नाही.

लांबचा टप्पा आहे, रस्ता एकच आहे आणि तो मालाडजवळ आला की आवळत जातो. सगळा वेळ शेवटच्या एक-दीड किलोमीटरला जातो. मालवणीच्या पुढे आलं की बसमधले निम्मे लोक उतरून चालायला लागतात. तुमचे बाबा ज्या चारशे पावलांबद्दल म्हणतात ना, तीच गोष्ट आमच्याकडे बसमध्ये बसूनसुद्धा होते.

---

तीन सीट | १८ नोव्हेंबर, सकाळी ७.५५

मी बस सोडून दिली, हे स्पष्ट लिहितो. शेअर रिक्षाने जातो. कारण वेळ. शेअर रिक्षा तीन माणसं झाली की निघते आणि सकाळी तीन माणसं व्हायला एक मिनिट लागत नाही. मीटरने गेलं तर सुरुवातच २६ रुपयांपासून होते, पण तिघांत वाटून जाणं परवडतं. बस स्वस्त आहे, मान्य. ९ मे २०२५ पासून साधं किमान भाडं ५ चं १० झालं आणि वातानुकूलितचं ६ चं १२, तरीही रिक्षापेक्षा स्वस्तच. पण मला ८.२२ ची लोकल पकडायची असते. ती चुकली की पुढची मिळते, पण त्यात पाय ठेवायला जागा नसते, आणि मग अख्ख्या दिवसाची घडी विस्कटते. बस किती वेळात येईल याची खात्री नसेल तर मी घरातून किती आधी निघू? वीस मिनिटं? अर्धा तास? महिन्याभरात ते किती तास होतात बघा.

बसवर राग नाही. लहानपणी आई-पप्पांबरोबर डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर पहिली सीट मिळावी म्हणून एक-एक बस सोडून द्यायचो आम्ही.

---

निवृत्त वाहक | १८ नोव्हेंबर, दुपारी १.३०

नमस्कार. मी मुंबईच्या बेस्ट बससेवेत ३१ वर्षं वाहक म्हणून काम केलं, शेवटची काही वर्षं बसचौकीवर होतो. तीन सीट म्हणतात ते चूक नाही. पण बस वेळेवर का येत नाही याचा हिशेब लोकांना कोणी सांगत नाही, तो मी सांगतो.

समजा स्टेशन ते वसाहत अडीच किलोमीटरचा मार्ग आहे. जायला १२ मिनिटं, यायला १२, दोन्ही टोकांना तीन-तीन मिनिटं उभं राहायचं. एक पूर्ण फेरी ३० मिनिटांची. या मार्गावर तीन गाड्या दिल्या तर दर दहा मिनिटाला बस. प्रवाशाला घड्याळ बघायची गरज नाही. आता स्टेशन रोडवर दुतर्फा गाड्या लागल्या, रिक्षांनी दुसरी रांग केली, बसला वळायला जागा उरली नाही. जाता-येता मिळून १५ मिनिटं वाढली. फेरी झाली ४५ मिनिटांची. गाड्या त्याच तीन. म्हणजे दर पंधरा मिनिटाला बस. ती परत दहावर आणायची तर साडेचार गाड्या लागतील, म्हणजे पाच. दोन जास्तीच्या गाड्या, प्रत्येक पाळीला दोन जास्तीचे चालक, दोन वाहक, त्यांचं इंधन. हा सगळा खर्च स्टेशनजवळच्या तीन-चारशे मीटरसाठी.

दुसरी गोष्ट. "एक तास बस नाही आणि मग एकदम तीन आल्या" असं लोक म्हणतात, आणि त्यांना वाटतं की चालक मुद्दाम गप्पा मारत थांबले होते. तसं नसतं हो. पहिली गाडी कुठेतरी पाच मिनिटं अडकली की पुढच्या थांब्यावर तिला नेहमीपेक्षा जास्त माणसं भेटतात. जास्त माणसं म्हणजे चढायला जास्त वेळ, तिकिटं फाडायला जास्त वेळ, म्हणून ती आणखी उशिरा. मागच्या गाडीला त्याच थांब्यावर माणसंच नाहीत, ती भरभर पुढे येते आणि पहिलीला येऊन चिकटते. हे सोडवायचं तर टोकाच्या चौकीवर मागची गाडी चार मिनिटं धरून ठेवावी लागते. पण धरायला जागा पाहिजे. स्टेशनबाहेर एक गाडी उभी राहील एवढीच जागा असेल तर चौकीवरचा माणूस काय धरणार? मागे रिक्षावाले हॉर्न देतात, पोलीस शिट्टी मारतो, गाडी सोडावीच लागते.

तिसरी गोष्ट गाड्यांची. २०१० च्या आसपास बेस्टकडे साडेचार हजारांवर गाड्या होत्या. आज भाडेतत्त्वावरच्या धरूनही तीन हजार भरत नाहीत, आणि उपक्रमाच्या स्वतःच्या मालकीच्या काही शेकड्यांत आल्या आहेत. कामगार संघटनेबरोबरच्या करारात स्वतःच्या ३,३३७ गाड्या ठेवायचं ठरलं होतं. गाड्या कमी झाल्या की पहिली कात्री लहान मार्गांवर चालते, कारण लांबच्या मार्गाचं उत्पन्न कागदावर मोठं दिसतं. स्टेशनच्या लहान मार्गाचं मोल कागदावर दिसत नाही. ते या धाग्यात बाबांच्या रूपाने दिसतंय.

---

जुनी मुंबई | १८ नोव्हेंबर, सायंकाळी ६.०५

वाहककाकांचा प्रतिसाद छापून स्टेशनमास्तरांच्या खोलीत लावावा असा आहे.

थोडी मागची गोष्ट, कारण स्टेशनला जोडणं हे या शहरात नवीन नाही. ९ मे १८७४ ला घोड्यांची ट्राम सुरू झाली तेव्हा दोन मार्ग होते. एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुणीला आणि दुसरा बोरीबंदर स्टेशनहून काळबादेवीमार्गे पायधुणीला. म्हणजे पहिली रेल्वे धावून एकवीस वर्षं झाली होती आणि ट्राम आली ती गाडीतून उतरलेल्या माणसाला बाजारपेठेत पोचवायला. १९०७ मध्ये विजेवरची ट्राम आली. पहिली मोटरबस १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली. आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम सुटली तीही बोरीबंदरहूनच, दादरला जायला.

आपण दादर पूर्वेच्या खोदादाद सर्कलला अजून "दादर टीटी" म्हणतो. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. ट्राम जाऊन साठ वर्षं उलटली तरी नाव टिकलं, कारण लोकांच्या डोक्यात ती जागा उतरून दुसरं वाहन पकडण्याची म्हणूनच बसली होती. नवीन वसाहती वसवताना अशी जागा आधी राखून ठेवायला हवी होती. आधी इमारती झाल्या, मग दुकानं, आणि उरलेल्या फटीत बस शिरवायची असं होत गेलं.

---

दहा वीसची | १८ नोव्हेंबर, रात्री ९.४८

बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात काम करते. बांद्रा पूर्व ते कुर्ला पश्चिम ३१० नंबर. दोन रेल्वेमार्गांच्या मधे एवढं मोठं कार्यालयांचं शहर उभं राहिलं आणि ते दोन्ही बाजूंनी एका बसवर टांगलेलं होतं. मेट्रो ३ चा आरे ते बीकेसी टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला, तोपर्यंत दुसरा पर्याय म्हणजे रिक्षाच. अजूनही बांद्रा किंवा कुर्ला स्टेशनवर उतरणाऱ्याला बस किंवा रिक्षाच घ्यावी लागते, कारण मेट्रोचं बीकेसी स्टेशन त्या दोन्हींना लागून नाही.

मला ३१० मध्ये एक गोष्ट आवडते, ती सांगते. सकाळी बांद्र्याला रांग लागते आणि रांग पाळली जाते. कोणीही उभं राहून नियम सांगत नाही. बस आली की पुढचे चढतात, भरली की मागचे पुढच्या बससाठी थांबतात, नवीन माणूस मधे घुसायला लागला की चार जण शांतपणे "मागे या" म्हणतात. मी गावाकडून आले तेव्हा मुंबईची पहिली शिस्त तिथे शिकले.

---

कुर्लेकर | १८ नोव्हेंबर, रात्री १०.३०

३१० चं दुसरं टोक आमचं. रांगेचं वर्णन वाचून बरं वाटलं.

पण मला वेगळं लिहायचंय. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ला पश्चिमेला बर्वे मार्गावर बसचा अपघात झाला. माणसं गेली. त्यानंतर काही दिवस स्टेशनातून बस सुटत नव्हत्या, सगळे चालत पुढे जाऊन बस पकडत होते. मी रोज त्या रस्त्याने जातो. कारणं तपासणारे तपासतील, त्यावर मी बोलणार नाही. पण जिथे बारा मीटर लांबीची गाडी आणि पाठीवर पिशव्या घेतलेली हजारो माणसं एकाच डांबरावरून जातात, तिथे दोघांसाठी वेगळी वाट आखणं ही पहिली गरज आहे. ताईंच्या बाबांनी रिक्षाला टेकून उभं राहावं लागणं हासुद्धा त्याच प्रश्नाचा भाग आहे. बस लांब थांबवली की माणूस रस्त्यावर चालतो, बस जवळ आणली की बस माणसांतून चालते. दोन्ही टाळायचं असेल तर फुटपाथ सलग पाहिजे आणि बसची मार्गिका मोकळी पाहिजे.

---

मार्वे रोड | १८ नोव्हेंबर, रात्री १०.५१

कुर्लेकर, पूर्ण सहमत. त्या रात्री आम्ही सगळ्यांनी घरी फोन केले होते.

---

पुलाखालून | १९ नोव्हेंबर, सकाळी ९.१०

एक मुद्दा राहतोय. पूल. स्टेशनला पूर्व-पश्चिम अशा दोन बाजू असतात आणि बसला रूळ ओलांडायला पूल लागतो. अंधेरीचा गोखले पूल ७ नोव्हेंबर २०२२ ला बंद झाला, एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये उघडली आणि पूर्ण पूल मे २०२५ मध्ये. अडीच वर्षं. शीवचा ब्रिटिशकालीन पूल १ ऑगस्ट २०२४ पासून बंद. प्रभादेवीचा १२ सप्टेंबर २०२५ ला बंद झाला, शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी. आता त्या भागातून पूर्वेला जाणारी गाडी दादरच्या टिळक पुलाने नाहीतर करी रोडने फिरून जाते.

मी परळला रुग्णालयात काम करतो. रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक पश्चिम रेल्वेने प्रभादेवीला उतरतात. रेल्वेच्या पादचारी पुलावरून चालत येणारे येतात, पण ज्यांना चालवत नाही ते टॅक्सीत बसतात आणि वळसा घालून येतात. केमोथेरपी घेऊन परत जाणाऱ्या माणसाला तो वळसा किती लांब वाटत असेल. पूल जुने झाले की पाडावे लागणार, त्याला इलाज नाही. पण पूल पाडताना ज्या बस त्यावरून जात होत्या, त्यांच्या बदली दोन्ही बाजूंना स्टेशनपर्यंत लहान फेरी असावी. पूर्वेच्या बाजूला एक गाडी, पश्चिमेच्या बाजूला एक गाडी, मधे रेल्वेचा पादचारी पूल. रूळ ओलांडायलाच नकोत.

---

निवृत्त वाहक | १९ नोव्हेंबर, सकाळी ११.२५

पुलाखालून, हे शंभर टक्के करता येण्यासारखं आहे. अशा तुकड्याच्या फेऱ्या आम्ही पूर्वी रस्त्यांच्या कामात चालवल्या आहेत. फक्त प्रवाशाकडून दोनदा भाडं घेतलं जाऊ नये.

---

ठाण्याहून | १९ नोव्हेंबर, दुपारी २.१५

मुंबईचा धागा आहे, पण शेजारचं उदाहरण देतो. ठाणे पश्चिमेला स्टेशनबाहेर उंच डेक आहे, सॅटिस म्हणतात त्याला. बस वर, रिक्षा आणि पायी चालणारे खाली. वरच्या पातळीवर बसमधून उतरलं की तिथूनच रेल्वेच्या पुलाकडे वाट जाते. परफेक्ट नाही, सकाळी डेकवरही गाड्यांची रांग लागते. पण माझ्या आईला गुडघ्याचा त्रास आहे आणि ती अजून एकटी लोकलने माहेरी जाते. मुंबईत स्कायवॉक बांधले, पहिला २००८ मध्ये बांद्रा पूर्वेला. त्यात माणूस वर गेला आणि बस खालीच राहिली. चढायला जिना, उतरायला जिना. म्हाताऱ्या माणसाचं त्यात काय भलं झालं?

मेट्रो १ चं बघा, घाटकोपर आणि अंधेरीला मेट्रोतून उतरलेला माणूस रस्त्यावर पाय न ठेवता लोकलच्या पुलावर येतो. २०१४ पासून रोज लाखो लोक हे करतात. मग बससाठीच ते अशक्य का वाटावं?

---

शाळेत जाता जाता | १९ नोव्हेंबर, दुपारी ४.००

फेरीवाल्यांबद्दल दोन शब्द. उच्च न्यायालयाने २०१७ मध्येच स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाले बसू नयेत असं सांगितलं आहे. पण मी शिक्षिका आहे, माझ्या वर्गात अशाच विक्रेत्यांची मुलं आहेत. त्यांच्या आया स्टेशनबाहेर बसतात कारण संध्याकाळी घरी जाणारी बाई भाजी तिथेच घेते. मीही घेते. त्यांना हाकलून प्रश्न सुटणार नाही, त्यांना बाजूच्या गल्लीत पक्की जागा दिली तर सुटेल. आणि खरं सांगू का, माझ्या रोजच्या रस्त्यावर बसला जास्त अडवतात त्या टोपल्या नाहीत, थांब्याच्या खुणेवर उभ्या असलेल्या खाजगी मोटारी आहेत. मोटारीत बसलेला माणूस "दोनच मिनिटं" म्हणतो. तशी दोन-दोन मिनिटं दिवसभर.

---

तीन सीट | १९ नोव्हेंबर, सायंकाळी ७.२०

वाहककाका, तुमचा हिशेब दोनदा वाचला. मी रोज ज्या रिक्षात बसतो ती दुसऱ्या रांगेतच उभी असते, हे काल पहिल्यांदा लक्षात आलं. म्हणजे मी बस सोडली म्हणून रिक्षा वाढल्या, रिक्षा वाढल्या म्हणून बस उशिरा, बस उशिरा म्हणून मी सोडली. यातून बाहेर कसं पडायचं, मला खरंच कळत नाहीये.

---

अंधुक | १९ नोव्हेंबर, रात्री ८.०२

मला दृष्टी कमी आहे, पूर्ण अंध नाही. बेस्टच्या गाडीवर पुढे मोठे मराठी आकडे असतात, त्यावर माझी अख्खी तरुणाई निघाली. आता दिव्यांच्या पाट्या आल्या, उन्हात त्या मला वाचता येत नाहीत. मी मोबाइलवर चलो अॅप उघडून गाडी कुठवर आली ते आवाजात ऐकतो आणि मग शेजारच्याला विचारतो. लोक सांगतात. अनेकदा हात धरून चढवतात. पण तीन गाड्या एकामागे एक आल्या आणि तिसरी थांब्याच्या मागेच थांबून निघून गेली, तर मला कळतही नाही की माझी गाडी गेली. गाडीने थांब्याच्या खांबाशीच थांबावं, एवढीच विनंती. त्यासाठी खांबाजवळ मोटार उभी नसावी. शिक्षिकाताईंनी लिहिलंय तेच.

---

जुनी मुंबई | १९ नोव्हेंबर, रात्री ९.१५

दोनदा भाड्याचा मुद्दा वर आला म्हणून लिहितो. मुंबई वन नावाचं अॅप ऑक्टोबरमध्ये सुरू झालं, त्यात लोकल, मेट्रो, बेस्ट, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदरच्या बस असे ११ वाहतूकदार एकत्र आहेत. एकाच वेळी सगळ्यांचं तिकीट काढता येतं, ही चांगली सुरुवात आहे. पण तिकीट एकत्र होणं वेगळं आणि भाडं एकत्र होणं वेगळं. अडीच किलोमीटर बस, मग लोकल, मग पुन्हा बस, असं जाणाऱ्याला आज लोकलपेक्षा दोन्ही बसचेच पैसे जास्त पडतात. स्टेशनच्या बसला लोकलच्या पासाचाच भाग केलं पाहिजे. पास दाखवा आणि चढा. तीन सीट यांच्यासारखी माणसं परत आणायचा मला तरी हा एकच मार्ग दिसतो.

---

पूर्वेकडची | १९ नोव्हेंबर, रात्री ११.३०

सगळ्यांचे आभार. मी बाबांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. दादर टीटीचा भाग ऐकून ते म्हणाले, लहानपणी आजोबांबरोबर ते ट्राममध्ये बसले होते, पुढे उभं राहून चालकाच्या पायाखालची घंटा ऐकत. हे त्यांनी मला आजवर कधी सांगितलं नव्हतं.

वाहककाका, तुम्हाला एक विचारू का? थांबा हलायचा तेव्हा हलेल. तोवर बाबांनी काय करावं?

---

निवृत्त वाहक | २० नोव्हेंबर, सकाळी ८.४०

ताई, तुमच्या स्टेशनला पादचारी पूल किती आहेत ते बघा. मध्य रेल्वेवर बहुतेक ठिकाणी एक पूल मधे असतो आणि एक कल्याणच्या बाजूला. सगळी गर्दी मधल्या पुलाला जाते, कारण बस, रिक्षा, बाजार सगळं तिथे. कल्याणच्या बाजूचा पूल जिथे उतरतो, तिथे जवळपास तुमच्या बसचा आधीचा थांबा आहे का ते बघून घ्या. शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊच नका. एक थांबा आधी उतरायचं. चालकाला चढतानाच सांगून ठेवायचं की उतरायला वेळ लागेल. आणि त्या पुलाला लिफ्ट आहे का, चालू आहे का, ते एकदा तुम्ही स्वतः जाऊन बघा, मगच बाबांना न्या.

---

पूर्वेकडची | २७ नोव्हेंबर, सायंकाळी ६.५०

काका, आहे! कल्याणच्या बाजूचा पूल आहे, लिफ्ट आहे आणि ती चालू आहे. एक थांबा आधी उतरून पुलापर्यंत एकशे साठ पावलं, मधे एक शाळेची भिंत, तिला लागून फुटपाथ अखंड. इतकी वर्षं या स्टेशनवरून जातेय, त्या पुलावर एकदाही चढले नव्हते.

आज बाबा गेले. मी बरोबर येते म्हटलं तर नको म्हणाले. पावणेअकराला निघाले, दोन पुस्तकं घेऊन परतले. जाताना सगळं नीट झालं. येताना मात्र त्याच आधीच्या थांब्यावर बस भरून आली, बाबांनी दोन सोडल्या आणि तिसऱ्यात उभ्याने आले. बसायला जागा हवी तर सुरुवातीच्या थांब्यावर जावं लागतं, म्हणजे पुन्हा ती चारशे बारा पावलं. येतानाचं काय करावं?

---

निवृत्त वाहक | २७ नोव्हेंबर, रात्री ८.१५

वाचून फार आनंद झाला, ताई.

बाबा किती वाजता परतले? दोनच्या सुमारास असतील तर ती आमच्या वेळी पाळी बदलायची वेळ असायची. एखादी फेरी कमी व्हायची आणि उरलेल्या गाड्या भरून यायच्या. पुढच्या आठवड्यात त्यांना बारा-सव्वाबाराला दादर सोडायला सांगा, शाळा सुटायच्या आत. आणि चढताना वाहकाला सांगायचं, "गुडघ्याचं ऑपरेशन झालंय." लाजायचं नाही. वाहक उठवतो कोणाला तरी. आम्ही उठवायचो.

---

पूर्वेकडची | २७ नोव्हेंबर, रात्री ८.२२

दीड वाजता दादरहून निघाले होते. पुढच्या गुरुवारी बाराला निघायला सांगते.